हलवायची खूण एकाचीच

नाथाजीचं डोकं जमिनीपासून चाळीस फुटांवर ठाकठीक चालायचं. शिडी उतरून खाली आलं की त्याचा विचका व्हायचा. आता माणसाचं डोकं म्हणजे काही विहिरीवरचा पंप नव्हे, की इतक्या फुटांवर चालावं आणि तितक्या फुटांवर बंद पडावं. पण नाथाजीचं तसं झालं होतं खरं, आणि सहा महिने त्याने ही गोष्ट बायकोपासून, बापापासून आणि कारखान्यापासून लपवून ठेवली होती. लपवालपवीच्या कामात फौजी माणूस तसा कच्चा. पण भीतीपोटी गडी पक्का झाला.

सतरा वर्षं पलटणीत काढून तो हवालदार म्हणून परत आला आणि साताऱ्याच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत क्रेनवर लागला. शेडच्या छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन, तिच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन आणि केबिनमध्ये नाथाजी. खाली धुळा. धुळा आटपाडीकडचा, चाळिशीतला, नारिंगी जाकिटातला शांत माणूस. लोखंडाचा ओतलेला जॉब कुठून उचलायचा, कुठे न्यायचा, कधी टेकवायचा, हे सगळं तो हातांनी सांगायचा. बोट वर फिरलं की वर, खाली फिरलं की खाली, तळहात आडवा धरला की थांब. शेडचा नियम साधा होता. हलवायची खूण एकाचीच मानायची, थांबवायची कुणाचीही.

गेल्या दिवाळीनंतर लोणंदहून मोटरसायकलवर येताना एका नव्या, न रंगवलेल्या गतिरोधकावर नाथाजी आदळला. हेल्मेट होतं, पण ते आरशाला अडकवलेलं. त्या आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. नाथाजीच्या डोक्याला मात्र सात टाके पडले. दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही निघालं नाही, आणि घरच्यांनी देवापुढे नारळ फोडून विषय संपवला.

विषय संपला नव्हता. पंधरा-वीस दिवसांनी नाथाजीच्या ध्यानात आलं, की एक माणूस बोलत असेल तर सगळं कळतं, पण दोन आवाज एकदम आले की काहीच कळत नाही. आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, ऐकायला कमी यायचं, म्हणून टीव्ही कायम टिपेला. आतून अंजना काही विचारायची. बातम्या सांगणारा आणि अंजना दोघंही एकदम त्याच्या कानात शिरायचे आणि अरुंद दारात अडकलेल्या दोन म्हशींसारखे एकमेकांना आत येऊ द्यायचे नाहीत. पूर्वी टीव्ही बोंबलत असायचाच की. त्यातून बायकोचा शब्द बरोबर वेचून कानात घ्यायला काही लागायचं नाही. आता ती चाळणच फाटली होती. जो आवाज मोठा, तो आत घुसायचा आणि हातापायांना हुकूम सोडायचा. एकदा अंजना म्हणाली, "आवं, गॅस बंद करा," आणि टीव्हीवर कुणीतरी ओरडलं, "उघडा!" आणि नाथाजीने बरणीचं झाकण उघडलं. मग तो मुकाट्याने बाहेर जाऊन पायरीवर बसायला लागला. अंजना आपली हळूहळू कमी बोलायला लागली. त्याला बरंच वाटलं.

केबिनमध्ये मात्र काचा बंद केल्या की खालचं बोलणं ऐकू येत नसे. नुसती यंत्रांची एकसारखी घरघर आणि धुळाचे दोन हात. आठ तास डोकं निवांत. शिफ्ट संपल्याचा भोंगा झाला की सगळे कामगार सुटल्यासारखे पळायचे आणि हा एकटा, कोंडवाड्याकडे हाकललेल्या जनावरासारखा, एकेक पायरी उतरायचा. केबिन गेली तर उरलेला सगळा जन्म त्या गलक्यात काढावा लागणार, ह्या विचाराने त्याला घाम फुटायचा.

आणि नेमकी केबिनच जायची वेळ आली. वार्षिक तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरांनी टाके बघितले आणि मेंदूच्या डॉक्टरचं पत्र आणायला सांगितलं. नाथाजीने सांगलीचा दवाखाना निवडला. साताऱ्यात जायची सोय नव्हती. इथे प्रत्येक दुसरा रिक्षावाला माजी सैनिक आणि प्रत्येक तिसरा पाहुणा. डोक्याच्या दवाखान्याच्या दारात कुणी बघितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत 'मेजरचं डोकं फिरलं' अशी दवंडी झाली असती. आमच्याकडे शिपाई म्हणून सुटलेलाही मेजर आणि हवालदार म्हणून सुटलेलाही मेजरच. बढती देण्यात गाव सढळ आहे. बदनामीच्या बाबतीतही हात आखडता घेत नाही.

सांगलीला भार्गवी मॅडम म्हणून एक बाई तपासण्या घ्यायच्या. वयाने तिशीच्या आत, बोलणं गोड. चष्मा लावून नाथाजी समोर बसला. मॅडमनी एक कागद पुढे केला. त्यावर लाल, हिरवा, निळा, पिवळा, असे रंगांचे शब्द ओळीने छापलेले. पण 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'निळा' पिवळ्या शाईत, सगळा उलटा कारभार.

"शब्द वाचायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "शाई कोणत्या रंगाची आहे तेवढं सांगायचं. सुरू करा."

"लाल," नाथाजी म्हणाला. शाई हिरवी होती. "न्हाई, हिरवा. निळा... न्हाई न्हाई. पिवळा. लाल..."

आठव्या शब्दाला त्याची जीभ अडखळली ती अडखळलीच. डोळ्यांना रंग दिसत होता, पण तोंडातून अक्षर बाहेर पडत होतं. कागदावरचे चाळीस शब्द एकदम त्याच्या अंगावर ओरडायला लागले. त्याने कागद पालथा घातला.

"असं सगळ्यांचंच थोडंफार होतं," मॅडम म्हणाल्या. "वाचायची सवय इतकी पक्की असते, की न सांगता वाचलं जातं. दोन गोष्टी दोन दिशांना ओढायला लागल्या, की कपाळामागचा मेंदूचा भाग मध्ये पडतो. एकीला मागे सारतो, दुसरीला वाट देतो. तुमच्याकडे हे काम फारच सावकाश होतंय. तुम्ही काम काय करता म्हणालात?"

"स्टोअरमध्ये हाय," नाथाजी म्हणाला. इतकं खोटं तो पलटणीतसुद्धा कधी बोलला नव्हता.

"पंधरा दिवसांनी पुन्हा या. तेव्हा बघू."

परतीच्या गाडीत त्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि समोरच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेल्या जाहिरातीकडे बघत बसला. अक्षरं धुरकट, रंग मात्र लख्ख. कराड यायच्या आत त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पंधरा दिवसांनी तो चष्म्याशिवाय मॅडमसमोर बसला. "लागत न्हाई आता जवळचा," म्हणाला. कागदावर त्याला रंगांचे नुसते ठिपके दिसत होते. न वाचता येणाऱ्या शब्दाची काय हिंमत आडवं यायची! चाळीसच्या चाळीस रंग त्याने धडाधड सांगितले. मॅडम खूश झाल्या, मोठ्या डॉक्टरांनी सही केली, आणि 'कामास योग्य' असं पत्र घेऊन नाथाजी साताऱ्याला परत आला. कुठली लढाई जिंकल्यासारखा तो त्या रात्री जेवला. आपण कुणाला फसवलं, हे त्याला उमगायला अजून महिनाभर होता.

त्या महिन्यात जोतीराम सुभेदार फौंड्रीत आले. नाथाजीच्याच पलटणीतले, दहा वर्षांनी मोठे, आता माल रवाना करायच्या विभागाचे प्रमुख. शेडमध्ये निम्मे लोक माजी सैनिक. माणूस निवृत्त झाला तरी हुद्दा निवृत्त होत नाही, हे साताऱ्याला जाऊन कुणीही बघावं. पहिल्याच दिवशी सुभेदार शेडमधून चालत गेले तेव्हा तिघांनी हातातलं काम टाकून सलाम ठोकला. कारखान्याच्या नोंदीत धुळा खूण देणारा आणि सुभेदार माल पाठवणारे. पण सुभेदारांनी आवाज दिला आणि फौजी हलला नाही, असं कधी झालंय?

सुभेदारांना शिस्तीचा सोस. त्यांनी आठवड्याच्या आत केबिनमध्ये वॉकीटॉकी बसवली. "नाथा, हातवारं करून कवर काम चालायचं? थेट बोलत जाऊ," म्हणाले. आणि त्या दिवसापासून काचेच्या आत आवाज आला.

नाथाजीचा जीव अडकित्त्यात सापडला. आता वरही सुटका नव्हती. धुळा डावीकडे दाखवतोय आणि कानाशी सुभेदार, "थोडं अजून उजवीकडं घे." चष्मा काढून अक्षर पुसता येतं, पण कानाला पापणी कुठली? त्याने दोनदा वॉकीटॉकीची बॅटरी सैल केली. दोन्ही वेळा सुभेदारांनी माणूस पाठवून ती घट्ट करवली. तक्रार करावी तर विचारणार, का? आधी तर कधी अडलं नव्हतं! खरं सांगावं तर पत्र खोटं ठरणार आणि केबिन जाणार. तो गप्प राहिला आणि रोज सकाळी शिडीच्या पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करायला लागला.

मंगळवारी दुपारी नऊ टनांचा जॉब ट्रेलरवर चढवायचा होता. चार साखळ्यांना लटकलेलं ते धूड नाथाजीने सावकाश ट्रेलरवर आणलं. धुळा ट्रेलरवरच उभा होता, जॉबखाली लाकडी ओंडका सरकवत. एका बाजूला जॉब, दुसऱ्या बाजूला ट्रेलरचा पुढचा, भिंतीसारखा उभा लोखंडी पाट, मध्ये धुळा. सुभेदार ट्रेलरच्या पलीकडे. जॉबच्या आडोशाने त्यांना धुळा दिसत नव्हता.

जॉब किंचित फिरला आणि धुळाच्या बाजूला कलला. धुळाने झटक्यात तळहात आडवा धरला. थांब.

"खाली घे, नाथा," वॉकीटॉकी म्हणाली. "जागा हाय. घे खाली."

नाथाजीला धुळाचा हात दिसत होता. अगदी स्वच्छ दिसत होता, हातमोज्याचं फाटलेलं टोकसुद्धा. थांबायचं आहे हे त्याला कळतही होतं. पण कळलेलं हातापर्यंत पोचायच्या आत तो दुसरा आवाज पोचला.

"खाली! नाथा, खाली!"

त्याच्या हाताने लिव्हर ढकलला.

जॉब हातभर खाली आला आणि सरकला. धुळाची पाठ पाटाला लागली. त्याने दोन्ही हात वर केले, तोंड उघडलं. तो काय ओरडला ते काचेतून आलं नाही. वॉकीटॉकीत आता दोघं-तिघं एकदम बोलत होते, "थांब", "खाली", "अरं मानूस हाय", आणि नाथाजीच्या डोक्यात सगळ्यांचा मिळून एकच कालवा झाला. मागे काच, पुढे काच, पायाखाली काच, आणि पळायला चाळीस फुटांची एक शिडी. त्याने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात कानांवर दाबून धरले.

लिव्हरवरचा हात निघाला, की तो आपोआप मधोमध येतो आणि क्रेन थांबते. बनवणाऱ्याने तशी सोय केलेली असते. जॉब धुळाच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला.

सुभेदार धावत फिरून आले, धुळाला बघितलं आणि त्यांची वाचा बसली. वॉकीटॉकी गप्प झाली. त्या शांततेत नाथाजीने डोळे उघडले. अडकलेल्या धुळाने सुटा हात वर काढून बोट हळूच वर फिरवलं. नाथाजीने तेवढंच बघितलं आणि जॉब वर घेतला.

खाली उतरल्यावर त्याला वाटलं होतं, की लोक आता अंगावर धावून येतील. लोक धावून आलेच, पण त्याला खांद्यावर घ्यायला. "मी 'खाली' म्हनत हुतो," सुभेदार भर शेडमध्ये सांगत होते. "चूक माझी. पन ह्या वाघानं माझा हुकूम मोडला आनि धुळाला वाचिवलं! याला म्हनत्यात डोकं!" जॉब आधी खाली गेला होता, हे त्या घाईत कुणी बघितलं नव्हतं. कुणी म्हणजे, धुळाखेरीज. धुळा पाण्याच्या टाकीजवळ बसून हातमोजे काढत होता. त्याने नाथाजीकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराजसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, आपल्या केबिनमध्ये सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पेढे, फोटोवाला. आमच्याकडे माणसाचं तोंड बंद करायचं असेल तर शाल घालावी. त्यासारखा जालीम उपाय नाही. साहेबांनी जाहीर केलं, की नवीन शेडमधली चाळीस टनांची क्रेन नाथाजीच्या ताब्यात द्यायची ठरली आहे. तिथे खूण देणारे दोघं असतील, दोन टोकांना एकेक.

दोघं. रात्रभर नाथाजीच्या डोळ्यांपुढे धुळाचं उघडलेलं तोंड होतं. खांद्यावरच्या शालीचं त्याला मणभर ओझं झालं.

"साहेब," तो म्हणाला, "मला वर पाठवू नगा. माझं डोकं बराबर न्हाई."

सगळे हसले. साहेबांनी फाइल उघडली. "अहो, हे काय? सांगलीच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. 'कामास योग्य'. सही आहे, शिक्का आहे."

"ते पत्र मी फशीवनूक करून..."

"घाबरलाय गडी," सुभेदार त्याच्यावर आवाज चढवून म्हणाले. "व्हतंय असं. नाथा, हिकडं बग. तू भ्यायलायस. चार दिस रजा घे."

"नाथाजीराव, पत्राबद्दल काय म्हणालात?" साहेब.

"साहेब, त्येला आता इचारू नगा. नाथा, तू गप ऱ्हा."

"नाही, मला कळू द्या. डॉक्टरांनी तपासलं की नाही?"

"नाथा, गप!"

पुन्हा तेच. दोन आवाज, दोन दिशा, आणि मध्ये तो, तोंड उघडून. शब्द तयार होता, जिभेवर होता, पण बाहेर यायला वाट नव्हती. सुभेदारांचा आवाज मोठा होता. तो गप्प राहणार होता. आणखी क्षणभर गेला असता, तर तो जन्मभर गप्प राहिला असता.

भिंतीला टेकून उभा असलेला धुळा पुढे आला. त्याने दोघांच्या मध्ये तळहात आडवा धरला.

साहेब थांबले. सुभेदारही थांबले, शेडमध्ये रोज ती खूण बघून त्यांनाही सवय लागली होती.

"आता बोला, मेजर," धुळा म्हणाला.

"दोघं बोलाय लागलं की मला कळत न्हाई," नाथाजी म्हणाला. "पडल्यापास्नं. काल मी थांबलो न्हाई. मी जॉब खाली घेतला. धुळा थांब म्हनत हुता, मला दिसत हुतं, तरी घेतला. मग कान धरलं म्हून क्रेन थांबली."

साहेबांनी धुळाकडे बघितलं. "खरं आहे का हे? तू तर खाली होतास."

"व्हय," धुळा म्हणाला. "दोनी हात कानावर हुतं. म्या बगितलं."

"मग काल का नाही बोललास?"

"मेजर सांगत्यात का, ते बगत हुतो." धुळा म्हणाला. "न्हाई सांगितलं असतं, तर म्या ह्या क्रेनखाली उबं ऱ्हानार नव्हतो. पन दुसरं कोन तरी ऱ्हायलं असतं."

नाथाजीने शाल काढली, घडी घातली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यावर नारळ. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. सुभेदार खिडकीबाहेर बघत उभे राहिले. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की क्रेनची किल्ली कुठे आहे.

घरी तो दुपारीच पोचला. आबा टीव्हीसमोर, टीव्ही टिपेला, अंजना आत भाकरी थापत होती. ती दारात आली, वेळ बघितली, काही विचारलं नाही आणि परत आत गेली. नाथाजीने आबांची परवानगी न घेता टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन तो जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं, गतिरोधकापासून शालीपर्यंत. क्रेन गेली, हेही सांगितलं. आता गेटवर बसवतील, नाहीतर घरी.

अंजनाचे हात पिठातच राहिले. तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उठली नाही.

"म्हंजे दोन आवाज झाले की तुमास्नी कळत न्हाई," ती सावकाश म्हणाली. "म्हून तुमी उठून जात हुता?"

"व्हय."

"मी बोलाय लागले की उठून जात हुता."

"टीव्ही असायचा ना गं."

"मला टीव्हीचं काय ठावं?" अंजनाचा आवाज चिरकला. "मला वाटलं, माझा आवाजच नको झालाय. सा म्हैनं मी मोजून बोलतीय. लागंल तेवढंच. सकाळी उठल्यावर ठरवायची, आज काय-काय बोलायचं न्हाई. आईकडं निघून जावं असं चारदा मनात आलं."

धुळाचं तोंड नाथाजीला रात्रभर दिसलं होतं. हिचं सहा महिने समोर असून दिसलं नव्हतं.

"आता बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"जे बोलली न्हाईस ते."

तिने पदराने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. मग तिने डिसेंबरपासून सुरुवात केली. तिच्या भावाचं भांडण, आबांच्या गोळ्या बदलल्या ते, शेजारणीने विचारलेला एक वाईट प्रश्न, स्वतःची पाठ दुखते ती. बाहेरून आबा दोनदा ओरडले, टीव्ही कुणी बंद केला म्हणून. ती दोन्ही वेळा थांबली, आबांचं संपू दिलं आणि मग पुढे बोलायला लागली.